वावडें, टवाळी आणि डॉक्टरांचा एक प्रश्न

'वावडें' हा आपल्या भाषेंतला मोठा सोयीचा शब्द आहे. एखाद्यास वांग्याचें वावडें असतें, एखाद्यास कष्टाचें, आणि एखाद्यास तर खरें बोलण्याचेंच. जो शब्द आपण इतक्या सहजपणें थट्टेंत वापरतों, तोच एखाद्या आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतींत अक्षरशः खरा असला, तरी ऐकणाऱ्याच्या मनांत त्याचें गांभीर्य उमटत नाहीं. 'ह्याला शेंगदाण्याचें वावडें आहे' असें म्हटलें कीं वर्गांतल्या चार मुलांना हसूं येतें, मास्तरांना ते घरचे लाड वाटतात, आणि लग्नघरांतल्या मावशींना वाटतें कीं पोराला खाण्याची शिस्तच लावलेली नाहीं. श्रोतेहो, आज मला बोलावयाचें आहे तें ह्या हसण्याविषयीं, आणि त्यापासून मुलाचें रक्षण करण्याच्या कामीं डॉक्टरांचा हात कितपत पोंचतो ह्याविषयीं.

वावड्याचे दोन प्रकार आधीं वेगळे केले पाहिजेत. दूध प्याल्यावर पोट फुगणें, डाळीनें वात धरणें, तळलेल्या पदार्थांनीं जळजळ होणें ह्या पचनाच्या तक्रारी होत. त्या त्रासदायक खऱ्या, परंतु जीवघेण्या नव्हत. अॅलर्जी निराळी. शरीराची जी यंत्रणा रोगजंतूंशीं झुंजण्यासाठीं असते, ती एखाद्या निरुपद्रवी अन्नालाच शत्रु समजते, आणि त्या अन्नाचा अंश पोटांत जातांच कांहीं मिनिटांत सारें सैन्य बाहेर काढते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, ओकारी होते. प्रकरण वाढलें तर घसा आवळतो, धाप लागते, रक्तदाब उतरतो. अशा वेळीं मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूंत अॅड्रिनॅलिनचें इंजेक्शन देणें हा मुख्य उपाय. खाज थांबविणारी गोळी त्याची जागा घेऊं शकत नाहीं.

ह्या विकाराचा शोध कसा लागला ती हकीकत येथें थोडक्यांत सांगण्याजोगी आहे, कारण 'हें सगळें मनाचें खेळ आहेत' ह्या आक्षेपाला तिच्यांतच उत्तर आहे. १९०२ सालीं पोर्त्ये आणि रीशे ह्या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं समुद्रांतील विषारी प्राण्यांचें विष अल्प मात्रेंत कुत्र्यांना टोचलें. कुत्र्यांना विषाची संवय होईल अशी त्यांची अटकळ. कांहीं आठवड्यांनीं तीच अल्प मात्रा पुन्हा दिली, तेव्हां संवय होण्याऐवजीं कुत्रे थोड्याच वेळांत मेले. रीशे ह्यांना ह्या शोधाबद्दल १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. दरम्यान १९०६ सालीं फॉन पिर्के ह्या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञानें 'अॅलर्जी' हा शब्द घडविला. पुढें १९२१ सालीं जर्मनींत एक मोठा धाडसी प्रयोग झाला. क्यूस्टनर नांवाच्या डॉक्टरांना मासे सोसत नसत. त्यांच्या रक्तांतील द्रव त्यांचे सहकारी प्राउस्निट्झ ह्यांनीं स्वतःच्या कातडींत टोचून घेतला, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं माशाचा अर्क टोचला. प्राउस्निट्झ ह्यांना माशाचा कसलाही त्रास नव्हता. तरीसुद्धां नेमक्या त्या जागीं गांधी उठली. वावडें एका माणसाच्या रक्तांतून दुसऱ्याच्या कातडींत गेलें! मनाचा खेळ असा इंजेक्शनानें दुसऱ्यास देतां येत नाहीं. रक्तांतला तो पदार्थ कोणता, हें १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेंत इशिझाका पतिपत्नींनीं आणि स्वीडनमध्यें योहान्सन व बेनिख ह्यांनीं निश्चित केलें.

इतकें सारें सिद्ध झालें, तरी वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत तें पोंचलेलें नाहीं. तेथें दुसरेंच शास्त्र चालतें. जो मुलगा इतरांहून कोणत्याही बाबतींत वेगळा दिसेल, त्याचें वेगळेपण हुडकून त्यावर बोट ठेवावयाचें, हें तें शास्त्र. जाड मुलगा, चष्म्याचा मुलगा, तोतरा मुलगा ह्या सर्वांनीं तें भोगलें आहे. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस ह्यांनीं १९७० नंतरच्या काळांत ह्या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि थट्टा व छळ ह्यांतील सीमारेषा आंखून दिली. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा होत असेल, ती दुखविण्याच्या हेतूनें होत असेल, आणि सोसणारा करणाऱ्यापुढें दुबळा असेल, तर तिला थट्टा म्हणूं नये. ही कसोटी मला फार उपयोगाची वाटते. कारण 'आम्ही गंमत करत होतों' हें उत्तर जगांतील सर्व शाळांत एकाच सुरांत दिलें जातें.

अॅलर्जीच्या मुलाच्या बाबतींत ह्या छळाला एक विशेष धार येते. चष्मा असलेल्या मुलाला 'चष्मिष्ट' म्हणून चिडविलें, तर त्याचें मन दुखतें, परंतु त्या शब्दानें त्याचा डोळा फुटत नाहीं. येथें चिडविण्याचें साधन आणि इजा करण्याचें साधन एकच असतें. आणि तें डब्यांत सहज मिळतें. शेंगदाण्याच्या लाडवाचा तुकडा नाकासमोर नाचविणें, दुधाचा थेंब बाहीवर उडविणें, 'खा नाहींतर खेळायला घेणार नाहीं' अशी अट घालणें, ह्यांतलें कांहींच बाहेरून पाहणाऱ्याला हत्यारासारखें दिसत नाहीं. मधल्या सुटींत लक्ष ठेवणाऱ्या शिक्षकाला तेथें चार मुलें डबा खातांना दिसतात, एवढेंच.

ह्या गोष्टी किती प्रमाणांत घडतात ह्याचा पद्धतशीर शोध अमेरिकेंतील डॉक्टरांनीं घेतला आहे, म्हणून थोडे आंकडे तिकडचेच देतों. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत ३५३ जणांनीं प्रश्नावलीचीं उत्तरें दिलीं होतीं. उत्तर देणारे बहुतेक आईबाप. सर्व वयांचे रुग्ण धरले तर शेंकडा २४ जणांना अन्नाच्या अॅलर्जीवरून त्रास दिला गेला होता. पांच वर्षांवरील रुग्णांत हेंच प्रमाण शेंकडा ३५ होतें. त्रास झालेल्यांपैकीं बहुतेकांना तो एकदां नव्हे, अनेकदां झाला होता. निम्म्याहून अधिक जणांच्या बाबतींत प्रकार शब्दांवर थांबला नव्हता. तो पदार्थ अंगाला लावणें, अंगावर फेंकणें, तोंडासमोर हलविणें असे प्रकार घडले होते, आणि कांहीं ठिकाणीं तर तो मुद्दाम जेवणांत मिसळला गेला होता. ह्या पाहणींतला एक आंकडा वाचून मात्र मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलों. ज्यांना त्रास झाला त्यांच्यापैकीं सुमारें शेंकडा २१ जणांनीं त्रास देणाऱ्यांत शिक्षक वा शाळेंतील इतर नोकरवर्गाचा समावेश केला होता.

त्यानंतर न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथील डॉक्टरांनीं अधिक बारकाईनें काम केलें. त्यांच्या दवाखान्यांत अॅलर्जीच्या उपचारासाठीं ओळीनें आलेलीं २५१ कुटुंबें त्यांनीं घेतलीं. मुलें ८ ते १७ वर्षांचीं. विशेष असा कीं त्यांनीं मुलांना निराळें आणि आईबापांना निराळें विचारलें. अॅलर्जीवरून आपला छळ होतो असें शेंकडा ३१.५ मुलांनीं सांगितलें. आईबापांत हाच आंकडा शेंकडा २४.७ निघाला. हा फरक लहान वाटेल, परंतु घरोघर ताळा घेतां असें आढळलें कीं, कोणत्याही कारणानें ज्या मुलांचा छळ होत होता, त्यांच्यापैकीं जवळजवळ निम्म्या मुलांच्या घरीं तो ठाऊकच नव्हता. हा निबंध २०१३ च्या जानेवारींत अमेरिकेच्या 'पीडिअॅट्रिक्स' ह्या मासिकांत छापला गेला.

त्यांतला दुसरा निष्कर्ष मला पहिल्यापेक्षांही मोलाचा वाटतो. छळ होणाऱ्या मुलांचें जिणें अधिक कष्टी आणि चिंतेनें ग्रासलेलें होतें, ह्यांत नवल नाहीं. परंतु त्या मुलांतही ज्यांच्या आईबापांना ही गोष्ट कळलेली होती, त्यांची मनःस्थिति, ज्यांच्या घरीं ती कळलेली नव्हती त्यांच्यापेक्षां बरी होती. पुढल्या वर्षीं ह्याच कुटुंबांची पुन्हा विचारपूस झाली. पुष्कळ मुलांचा छळ चालूंच होता; तथापि जेथें आईबाप शाळेंत जाऊन बोलले होते, तेथें तो थांबण्याचा संभव अधिक दिसला. म्हणजे घरीं कळणें हाच उपचाराचा आरंभ आहे. मग जें मूल आईला सांगत नाहीं, तें कोणाला सांगेल?

येथें डॉक्टरांचें काम सुरू होतें, आणि तें एका प्रश्नानें सुरू होतें. न्यूयॉर्कच्या त्या डॉक्टरांनीं आपल्या व्यवसायबंधूंना केलेली मुख्य शिफारस इतकी साधी आहे कीं ती वाचतांना 'एवढेंच?' असें मनांत येतें. अॅलर्जीचें मूल तपासण्यास आलें कीं छळाविषयीं त्याला विचारा, एवढेंच तें! कातडीची चांचणी करावयाची, रक्त तपासावयाचें, वजन घ्यावयाचें, औषधाची मात्रा ठरवावयाची, आणि मुलाच्या दिवसांतले सहा-सात तास ज्या जागीं जातात, तेथें त्याचें कसें चाललें आहे हें विचारावयाचें नाहीं, ही वैद्यकाची जुनी खोड आहे. वेळ नसतो हें खरें. परंतु ह्या प्रश्नाला मिनिटाहून अधिक वेळ लागत नाहीं. उत्तर आलें तर मात्र लागतो, आणि मला वाटतें कीं प्रश्न टाळण्याचें खरें कारण तेंच असावें.

प्रश्न विचारण्याचीही रीत आहे. 'शाळेंत सगळें ठीक ना?' ह्या प्रश्नाला 'हो' ह्यापलीकडे उत्तर नसतें. 'डबा खातांना तूं कोणाशेजारीं बसतोस?' असें विचारलें, तर मूल विचारांत पडतें, आणि त्या थांबण्यांतच पुष्कळसें कळतें. त्यानंतर उघड विचारावें: तुझ्या खाण्यावरून कोणी चिडवतें का? तुला नको तो पदार्थ कोणी अंगावर टाकतें का, खायला लावतें का? विचारतांना 'पुष्कळ मुलांना असें होतें' हें वाक्य आधीं घालावें, म्हणजे आपण एकटेच दुर्दैवी नाहीं हें मुलाला कळतें. आणि हा सारा संवाद शक्य तों आईबापांना क्षणभर बाहेर बसवून करावा. मूल आईदेखत बोलत नाहीं तें तिच्या भीतीनें नव्हे. आईची झोंप आधींच उडालेली आहे हें त्याला ठाऊक असतें. आपण सांगितलें तर ती शाळेंत येऊन बसेल, सहलीला पाठविणार नाहीं, वाढदिवसाचीं आमंत्रणें नाकारील, असा त्याचा हिशेब असतो. सांगण्याची शिक्षा आपल्यालाच होणार, हें ज्याला दिसतें तें मूल गप्प राहतें. म्हणून मूल बोललें कीं, घरीं काय सांगावयाचें व कसें सांगावयाचें हें डॉक्टरांनीं त्याच्याशींच बोलून ठरवावें. जीवाला धोका असेल तेथें मात्र गुप्ततेचें वचन देऊं नये.

मुलाचें म्हणणें ऐकून घेतल्यावर डॉक्टरांचें दुसरें काम म्हणजे भयाचें माप बरोबर करणें. छळ करणाऱ्याची निम्मी शक्ति अज्ञानावर चालते. शेंगदाणा नुसता जवळ आला तरी आपण मरूं, असें ज्या मुलाला वाटतें, त्याला नुसता शेंगदाणा दाखवूनही कोणी रडवूं शकतो. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी असलेलीं ३० मुलें घेतलीं होतीं. शेंगदाण्याचें लोणी त्यांच्या पाठीच्या कातडीवर मिनिटभर लावलें. निराळ्या वेळीं तें चेहऱ्याजवळ धरून त्याचा वास त्यांना दहा मिनिटें घेऊं दिला. लावलेल्या जागीं थोडी लाली, थोडी खाज कांहींजणांना आली. साऱ्या शरीराला बाधा एकालाही झाली नाहीं. हा प्रयोग अर्थात् डॉक्टरांच्या देखरेखीखालीं झाला होता, आणि कोणीही तो घरीं करूं नये. परंतु त्याचा अर्थ मुलाला समजावून सांगतां येतो: धोका मुख्यतः तोंडावाटे जाण्यांत आहे, हात धुवावे, तें बोट ओठाला वा डोळ्याला लावूं नये. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयांत अशा भयग्रस्त मुलांसाठीं स्वतंत्र विभाग आहे. तेथें मुलाला टप्प्याटप्प्यानें त्या पदार्थाजवळ बसावयास, पुढें त्यास हात लावून हात धुवावयास शिकवितात. असें शिकलेल्या मुलासमोर कोणी दाणा नाचविला, तर तो घाबरत नाहीं. आणि समोरचा घाबरत नाहीं असें दिसलें कीं दांडगाईतली गोडी संपते.

तथापि भय कमी करतांना त्याचा लोप होऊं देणें हेंही धोक्याचें आहे. २०१७ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस पश्चिम लंडनमधील एका शाळेंत तेरा वर्षांच्या एका मुलावर त्याच्या सहाध्यायानें चीजचा लहानसा तुकडा फेंकला. तो त्याच्या मानेवर लागला. मुलाला दुधाची तीव्र अॅलर्जी होती, दमाही होता. थोड्याच वेळांत त्याचा श्वास कोंडूं लागला, आणि जुलैमध्यें त्याचा रुग्णालयांत अंत झाला. २०१९ सालीं ह्या मृत्यूची न्यायालयीन चौकशी झाली. केवळ कातडीच्या स्पर्शानें मृत्यु ओढवल्याचें दुसरें उदाहरण आपणांस माहीत नाहीं, असें तेथें तज्ज्ञ डॉक्टरांनीं सांगितलें. तुकडा फेंकणें हा पोरकट अविचार होता, गंभीर इजेचा हेतु त्यामागें नव्हता, असा चौकशीचा निर्णय झाला. मुलाला कांहीं पदार्थ चालत नाहींत हें सोबत्यांना माहीत होतें. त्यानें जीव जाऊं शकतो हें माहीत नव्हतें. आणि शाळेंत त्याच्या नांवानें ठेवलेल्या अॅड्रिनॅलिनच्या पेनची मुदत संपून जवळजवळ एक वर्ष लोटलें होतें.

ह्या घटनेंतून कोणी असा अर्थ काढील कीं मग ३० मुलांचा प्रयोग खोटा ठरला. तसें नाहीं. फार विरळ म्हणून जें घडत नाहीं असें आपण मानतों, तें एखाद्या वेळीं घडतें. आणि वैद्यकाला दोन्ही गोष्टी एकाच तोंडानें सांगाव्या लागतात. मुलाला सांगावयाचें कीं 'बाळ, नुसत्या स्पर्शानें सहसा कांहीं होत नाहीं'. आणि शाळेला सांगावयाचें कीं तो स्पर्श मुद्दाम करणारा मुलगा खेळत नाहीं. पहिलें वाक्य शाळेला सांगितलें तर निष्काळजीपणा माजतो, दुसरेंच तेवढें मुलाला सांगितलें तर त्याचें जगणें कठीण होतें. कोणतें वाक्य कोणाला कितपत सांगावें, ह्यांतच डॉक्टरांचें कौशल्य आहे.

लंडनच्या त्या वर्गाला अॅलर्जी ठाऊक होती, परंतु तिचें परिणाम-स्वरूप ठाऊक नव्हतें. वर्गाला सांगावयाचें कोणी? सोसणाऱ्या मुलानेंच उभें राहून आपल्या मरणाची शक्यता समजावून सांगावी, ही अपेक्षा क्रूरपणाची आहे. १३ ते २१ वर्षांच्या १७४ अॅलर्जीग्रस्त तरुणांची एक पाहणी २००६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. अॅड्रिनॅलिन नेहमीं जवळ बाळगतों असें सांगणारे शेंकडा ६१ होते. परंतु खेळाच्या मैदानावर तें बाळगणारे शेंकडा ४३ च. तंग कपडे घातले असतां खिशांत पेनचा उंचवटा दिसतो, म्हणून पुष्कळजण तें घरीं ठेवीत. चारचौघांत वेगळें दिसूं नये म्हणून हीं मुलें जीव धोक्यांत घालतात! त्यांच्यापैकींच शेंकडा ६८ जणांनीं सांगितलें कीं मित्रांना ह्या विकाराची माहिती करून दिली, तर आमचें जगणें सोपें होईल. ही माहिती सगळ्या वर्गाला, कोणा एकाकडे बोट न दाखवितां, शाळेच्या डॉक्टरांनीं वा परिचारिकेनें द्यावी हें उत्तम. अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण केंद्रानें २०१३ सालीं शाळांसाठीं काढलेल्या मार्गदर्शिकेंत अन्नाच्या अॅलर्जीवरून होणाऱ्या छळाचाही विचार केलेला आहे.

मोठ्या माणसांनाही हा धडा नको असें नाहीं. २०१८ सालीं आलेल्या 'पीटर रॅबिट' ह्या मुलांच्या बोलपटांत, ज्याला ब्लॅकबेरीची अॅलर्जी आहे अशा माणसावर ससे तींच फळें मारतात, आणि एक फळ त्याच्या तोंडांत जातें, असें विनोदी दृश्य होतें. रुग्णांच्या आईबापांनीं तीव्र आक्षेप घेतल्यावर निर्मात्यांनीं क्षमा मागितली. कोणी म्हणेल, ससे ते ससे, त्यांचें काय मनावर घ्यावयाचें? परंतु तो बोलपट पाहून चित्रपटगृहाबाहेर पडणारीं मुलें दुसऱ्या दिवशीं शाळेंतच जाणार होतीं.

आतां आपल्याकडे वळूं. हिंदुस्थानांत अन्नाची खरी अॅलर्जी पाश्चात्त्य देशांच्या मानानें विरळ दिसते. कर्नाटकांतील शालेय मुलांच्या मोठ्या पाहणींत, २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या आंकड्यांप्रमाणें, तिचें संभाव्य प्रमाण शेंकडा ०.१४, म्हणजे हजारांत एक-दोन मुलें, एवढेंच निघालें. ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु त्या एका मुलाला ह्याचा तोटाच होतो. साऱ्या शाळेंत त्याच्यासारखें दुसरें मूल नसतें, आणि शिक्षकानें असा प्रकार जन्मांत पाहिलेला नसतो. पदार्थही आपले निराळे. हरभऱ्याच्या अॅलर्जीवर मुंबईच्या संशोधकांनीं केलेलें काम २००१ सालींच प्रसिद्ध झालें आहे. ज्या घरांत पिठलें, पुरणपोळी आणि बेसनाचे लाडू ह्यांवांचून सण पार पडत नाहीं, तेथें हरभऱ्याचें वावडें म्हणजे काय, ह्याची कल्पना करावी. शेंगदाण्याच्या कुटाची तर गोष्टच सोडा. भाजींत, कोशिंबिरींत, उपासाच्या खिचडींत तें असतेंच, आणि असलें तरी वाढणाऱ्याच्या ध्यानांत राहत नाहीं.

आपल्याकडे ह्या मुलांचा जो छळ होतो, तो पुष्कळदां शाळेंत नव्हे, पंगतींत होतो; आणि तो प्रेमानें होतो. 'आग्रह' हा आपल्या आतिथ्याचा अलंकार आहे. नको म्हणणाऱ्याच्या पानांत वाढावें, हातावर हात धरला तर बोटांच्या फटींतून वाढावें, ही रीत. ह्या रीतीपुढें 'मला हें चालत नाहीं' असें म्हणणारें मूल उद्धट ठरतें. 'एक घांस खाऊन पाहा, कांहीं होत नाहीं', 'आमच्या वेळीं नव्हतीं हीं थेरें', 'देवाच्या प्रसादानें कोणाला बाधलें आहे का?' अशीं वाक्यें चोहोंकडून येतात. कोणी एखादे काका त्याहीपुढें जाऊन, पोराचा भ्रम घालवावा म्हणून, न सांगतां भाजींत कूट मिसळून पाहतात. ओल्वेउस ह्यांच्या कसोटींत हेतु दुखविण्याचा असावा लागतो. काकांचा हेतु तसा नाहीं हें मान्य. परंतु मुलाच्या घशाला हेतु कळत नाहीं. लपवून खाऊं घालणें आणि अमेरिकेंतल्या त्या मुलांनीं दुसऱ्याच्या जेवणांत मुद्दाम मिसळणें, ह्या दोन कृत्यांत शरीराच्या दृष्टीनें कांहींही अंतर नाहीं. आज न्यूजर्सींत वा लंडनमध्यें राहणाऱ्या मराठी घरांत तर अशी स्थिति होऊं शकते कीं शाळा अॅलर्जी मानते, आणि सुटींत आजोळीं आल्यावर ती कोणी मानीत नाहीं.

ह्या बाबतींत आईच्या शब्दाला घरांत वजन नसलें, तर डॉक्टरांच्या शब्दाला असतें. म्हणून अशा घरच्या आजीला, काकांना एकदां दवाखान्यांत बोलावून घ्यावें, आणि मुलादेखतच त्यांना समजावून सांगावें. मुलादेखत ह्यासाठीं कीं आपली बाजू कोणी मोठ्या माणसानें मोठ्या माणसांपुढें मांडलेली त्यानें ऐकलेली असावी. आजीशीं वाद घालूं नये. 'आजी, ह्याच्या ताटाची राखण तुम्ही करा' असें म्हणावें. पंगतींत आग्रह करणाऱ्या दहाजणांना थोपविण्याचें सामर्थ्य त्या घरांत कोणांत असेल, तर तें तिच्यांतच असतें. उलट ज्या मुलाला खरोखर अॅलर्जी नाहीं, आणि आईच्या नुसत्या संशयावरून दूध, डाळ, अंडें सारें तोडलेलें आहे, त्याची रुग्णालयांत देखरेखीखालीं तो पदार्थ खाऊं घालून परीक्षा करावी, आणि नसलेलें वावडें काढून टाकावें. टवाळी करणाऱ्यांना अशींच खोटीं वावडीं उपयोगीं पडतात. त्यांकडे बोट दाखवून ते खऱ्यालाही हसतात.

आणि शेवटीं कागद. शाळेच्या मुख्याध्यापकांना डॉक्टरांनीं एक पत्र द्यावें. त्यांत मुलास काय चालत नाहीं, बाधा झाली तर कोणतीं चिन्हें दिसतील, औषध कोठें आहे व कोणी द्यावयाचें हें असावें. आणि त्याच पत्रांत, तो पदार्थ मुद्दाम अंगावर टाकणें वा खावयास लावणें ही मारहाणीइतकीच गंभीर बाब समजावी, असें एक वाक्य स्पष्ट लिहावें. पालकानें सांगितलेली तक्रार आणि डॉक्टरांनीं लिहून दिलेली सूचना ह्यांना शाळेच्या कचेरींत मिळणारी वागणूक सारखी नसते. इंग्लंडमध्यें ऑक्टोबर २०१७ पासून शाळांना अॅड्रिनॅलिनचीं जास्तीचीं पेनें चिठ्ठीशिवाय विकत घेऊन ठेवण्याची परवानगी आहे. आपल्याकडे तीं स्वयंचलित पेनें सहजासहजीं मिळत नाहींत. पुष्कळ डॉक्टर काचेची कुपी व सिरिंज लिहून देतात. कुपी फोडून औषध सिरिंजमध्यें भरण्यास हात स्थिर लागतो, तेव्हां शाळेंतल्या निदान दोघांना तें डॉक्टरांनीं स्वतः करून दाखवावें, वजनाप्रमाणें ठरलेली मात्रा मराठींत मोठ्या अक्षरांनीं लिहून डब्याच्या झांकणाला आंतून चिकटवावी, आणि त्याखालीं औषधाची मुदत संपण्याची तारीख घालावी. ती तारीख शाळा सुरू होतांना जूनमध्यें एकदां आणि दिवाळीच्या सुटीनंतर एकदां वाचून पाहण्याचें काम कोणाचें, तें नांव त्याच कागदावर असावें.